कॅन्सरचा रुग्ण, पाठदुखी आणि जड होणारे पाय : एमआरआय पूर्ण मणक्याचा, आणि लगेच

क्षकिरण (धागाकर्ता)
सोमवार, सकाळी ७.४०

गेली बरीच वर्षं एमआरआयच्या फिल्म वाचणं हे माझं काम आहे. त्यातल्या एका प्रकारच्या फिल्मबद्दल इथे सविस्तर लिहायचं आहे. ती वेळेवर निघाली तर माणूस चालत राहतो. उशिरा निघाली तर बहुधा पुन्हा उभा राहत नाही.

शरीरात दुसरीकडे सुरू झालेला कर्करोग मणक्यात पसरतो आणि मज्जारज्जूवर दाब आणतो, तो हा आजार. स्तन, प्रोस्टेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगांचा यात मोठा वाटा असतो. त्यामागोमाग मूत्रपिंड, मायलोमा (मज्जेतल्या पेशींचा कर्करोग), लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग). आणि ही गोष्ट फक्त आधीपासून माहीत असलेल्या रुग्णांपुरती नाही. पाचातल्या साधारण एका रुग्णाला आपल्याला कॅन्सर आहे हे पाय लुळे पडू लागल्यावरच कळतं.

दाब येतो कसा? कॅन्सरच्या पेशी रक्तातून मणक्याच्या पुढच्या जाड भागात येऊन रुजतात. मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात, त्यामुळे खोकताना, कुंथताना तिथलं रक्त उलट दिशेनेही वाहतं. ऑस्कर बॅटसन यांनी हे १९४० मध्ये दाखवलं आणि प्रोस्टेटचा कर्करोग कंबरेच्या मणक्यांत इतक्या सहज का पोचतो याचा एक उलगडा झाला. गाठ हाड पोखरत मागे सरकते आणि रज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत शिरते. आधी तिथल्या शिरा दबतात, रक्त तुंबतं, रज्जूला सूज येते. या टप्प्यावर बरंच काही परत मिळवता येतं. दाब वाढत गेला की रज्जूचा रक्तपुरवठाच तुटतो आणि तेवढा भाग मरतो. तो परत मिळत नाही. कधीकधी पोखरलेला मणका अचानक पिचतो आणि हाडाचा तुकडा मागे येतो, तेव्हा सगळं काही तासांत घडून जातं.

याची पहिली खूण जवळजवळ नेहमीच दुखणं असते. स्कॉटलंडमध्ये केलेली एक पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३१९ रुग्ण होते. ज्यांच्याशी बोलता आलं त्यांच्यातल्या ९४ टक्के लोकांना आधीपासून दुखत होतं, आणि निम्म्यांना तरी निदानापूर्वी तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ दुखत होतं. निदान झालं तेव्हा ८२ टक्के लोक एकतर चालूच शकत नव्हते किंवा आधार घेऊनच चालत होते. तीन महिने शरीर सांगत होतं. त्या आकड्याचा मला आजही राग येतो.

या दुखण्याला काही खास वळणं असतात. ते दिवसागणिक वाढतं. रात्री, आडवं झाल्यावर जास्त होतं आणि माणूस उठून खुर्चीत बसून झोपू लागतो. खोकला, शिंक, शौचाला जोर देणं यांनी कळ उठते. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, आणि मग पित्त, बरगडी, हृदय असे भलतेच तपास सुरू होतात. त्यानंतर पाय जड होणं, जिना चढताना गुडघे वाकणं, चप्पल पायातून निसटलेली न कळणं. लघवी तुंबणं आणि बसायच्या जागेचा बधिरपणा या बहुतेक वेळा उशिराच्या खुणा असतात. त्यांची वाट पाहू नका.

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०२३ ची मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहे. रज्जूवर दाब असल्याची शंका, म्हणजे दुखण्याबरोबर पायांतली कमजोरी, बधिरपणा किंवा लघवी-शौचाची तक्रार असेल, तर एमआरआय जास्तीत जास्त २४ तासांत. नुसतं संशयास्पद दुखणं असेल तर आठवड्याच्या आत. रज्जू माणसामाणसांत वेगळा नसतो, म्हणून हा हिशेब कुठेही लागू पडतो असं माझं मत आहे.

एमआरआय पूर्ण मणक्याचा असावा, मानेपासून माकडहाडापर्यंत. नुसता कंबरेचा नको. या एका वाक्यासाठीच खरं तर हा धागा काढलाय. विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

अबोली
सोमवार, सकाळी ८.२५

वाचनखूण साठवली. एक शंका. घरात कुणाची पाठ दुखली की आधी एक्स-रे काढतात. तो चांगला आला की सगळे निर्धास्त होतात. एक्स-रेत हाडाची गाठ दिसत नाही का? आणि पेट स्कॅन झालेला असेल तर पुन्हा एमआरआय कशाला?

क्षकिरण
सोमवार, सकाळी ९.०५

अबोलीताई, एक्स-रेमध्ये पोखरलेला भाग डोळ्याला दिसायला मणक्याच्या त्या जागचं ३० ते ५० टक्के हाड जावं लागतं. त्यामुळे चांगला एक्स-रे आला याचा अर्थ मणका चांगला आहे असा होत नाही. मज्जारज्जू तर एक्स-रेत दिसतच नाही. बोन स्कॅनचंही तेच. हाडाची घडण-मोड वाढली आहे एवढं तो सांगतो, रज्जू दबलाय का ते सांगत नाही. वर सांगितलेल्या पाहणीत दाबाची नेमकी पातळी एक्स-रेने २१ टक्के आणि बोन स्कॅनने १९ टक्के रुग्णांतच बरोबर दाखवली होती.

पेट स्कॅन कॅन्सर कुठेकुठे जिवंत आहे ते दाखवतो, आणि त्या कामासाठी तो उत्तम आहे. पण गाठ मणक्याच्या नळीत किती शिरलीय, रज्जूभोवती पाणी उरलंय की नाही, रज्जूला सूज आहे का, या प्रश्नांना उत्तर एमआरआयच देतो. या कामात एमआरआयची संवेदनशीलता (दाब असेल तर तो पकडणं) सुमारे ९३ टक्के आणि विशिष्टता (दाब नसेल तर नाही म्हणणं) सुमारे ९७ टक्के मोजली गेली आहे, आणि ती मोजणी १९८० च्या दशकातल्या यंत्रांवरची आहे. आजची यंत्रं त्याहून बरीच पुढची आहेत.

जनरल_प्रॅक्टिस
सोमवार, दुपारी १.५०

लेख चांगला आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. माझ्याकडे रोज पाठदुखीचे लोक येतात. त्यांतले बहुसंख्य स्नायूंचे, चकतीचे (दोन मणक्यांमधल्या गादीचे), बसण्याच्या सवयीचे. प्रत्येकाचा पूर्ण मणक्याचा एमआरआय काढायला लागलो तर यंत्रं अडून बसतील आणि ज्याला खरी घाई आहे तोच रांगेत मागे पडेल. शिवाय साठीच्या कुणाचाही एमआरआय काढा, दोन चकत्या फुगलेल्या दिसणारच. मग लोक त्या चकत्यांचीच भीती घेऊन बसतात. हा धागा वाचून घाबरून यंत्राकडे धावू नये एवढंच म्हणणं.

क्षकिरण
सोमवार, दुपारी २.३०

डॉक्टर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. निरोगी माणसाच्या साध्या पाठदुखीला एमआरआय लागत नाही, हे मीही रोज सांगतो.

पण समोरच्या माणसाला कधीकाळी कॅन्सर झालेला आहे, हे कळलं की गणितच बदलतं. मग दहा वर्षांपूर्वी स्तनाची गाठ काढलेली असेल आणि 'आता सगळं बरं आहे' असं ते म्हणत असतील, तरीही. स्तनाचा आणि मूत्रपिंडाचा कर्करोग इतक्या वर्षांनी हाडात डोकं वर काढतो हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून माझी विनंती एकच: पाठदुखीच्या रुग्णाला 'पूर्वी कधी कॅन्सर?' हा प्रश्न आणि 'झोपल्यावर वाढतं की कमी होतं?' हा प्रश्न विचारायचाच. आणि तपासणीत पायांचे रिफ्लेक्स बघायचे, तळपाय खरवडून अंगठा वर जातो का ते बघायचं. हातोडी आणि दोन मिनिटं, एवढंच लागतं.

जनरल_प्रॅक्टिस
सोमवार, दुपारी ३.१५

याबाबत दुमत नाही. आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं हा मुद्दा विशेषतः लक्षात ठेवण्यासारखा. चकतीचं दुखणं आडवं झाल्यावर सहसा हलकं होतं.

मृद्गंध
सोमवार, रात्री ९.१०

धागा वाचून छातीत धस्स झालं. माझ्या मावशीचं सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, केमो आणि शेकही (रेडिओथेरपी) झाले. दीड-दोन महिने दोन्ही खांद्यांच्या मधे पाठ दुखतेय, रात्री झोप नाही. गेल्या आठवड्यापासून पाय जड झालेत, भिंत धरून चालते. हाडांच्या डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय करायला सांगितला. त्यात एल-४ एल-५ ची चकती थोडी फुगलीय, बाकी काही नाही असा रिपोर्ट आहे. ट्रॅक्शन आणि व्यायाम सांगितलेत. कंबरेचा एमआरआय नॉर्मल आहे म्हणजे हा प्रकार नाही ना?

क्षकिरण
सोमवार, रात्री ९.२२

मृद्गंध, कंबरेच्या एमआरआयने हा प्रकार नाही असं म्हणता येत नाही. सकाळची वाट न बघता आत्ताच त्यांना ज्या मोठ्या रुग्णालयात २४ तास एमआरआय आणि न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे सर्जन आहेत तिथे घेऊन जा. अपघात विभागात पहिलंच वाक्य हे बोला: 'स्तनाचा कॅन्सर झालेला आहे, पाठ दुखतेय, आठवड्यापासून पायांतली ताकद कमी होतेय, रज्जूवर दाब आहे का ते बघायला पूर्ण मणक्याचा एमआरआय हवा.' ट्रॅक्शन, मालिश, व्यायाम सगळं थांबवा. त्यांना शक्यतो आडवं ठेवून न्या. जुनी कागदपत्रं आणि कंबरेच्या एमआरआयची सीडी हाताशी असेल तर घ्या, शोधण्यात वेळ घालवू नका. लघवी शेवटची कधी झाली ते विचारून ठेवा.

क्षकिरण
सोमवार, रात्री १०.०५

मृद्गंध निघाल्या असतील. बाकीच्यांसाठी, मी इतक्या ठामपणे का लिहिलं ते सांगतो.

मज्जारज्जू कंबरेत जवळजवळ नसतोच. तो साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्यापाशी संपतो, आणि त्याच्या खाली नसांचा जुडगा असतो. कंबरेचा एमआरआय पाठीच्या शेवटच्या एक-दोन मणक्यांपासून खाली सुरू होतो. म्हणजे त्या फिल्ममध्ये रज्जूचं फक्त टोक असतं. आणि मणक्यात पसरलेल्या कॅन्सरमुळे येणारा दाब सर्वांत जास्त, सुमारे ६० टक्के वेळा, छातीमागच्या बारा मणक्यांत येतो. तिथे नळी अरुंद असते. तो जवळजवळ पूर्ण टापू कंबरेच्या फिल्मबाहेर राहतो.

पाय जड झाले की सगळ्यांचं लक्ष कंबरेकडे जातं, कारण पायांच्या नसा कंबरेतून निघतात हे सर्वांना ठाऊक असतं. पण मेंदूपासून त्या नसांपर्यंत येणारी वाट मान आणि छातीमागूनच येते. वाट वर कुठेही अडली तरी पाय लुळे पडतात. शिवाय दुखणं जिथे असतं तिथेच दाब असतो असंही नाही, आणि साधारण एकतृतीयांश रुग्णांत एकापेक्षा जास्त ठिकाणी दाब किंवा गाठी असतात. एकच जागा पाहून तिथेच शेक दिला आणि वरची गाठ राहून गेली, तर काही आठवड्यांत सगळं पुन्हा.

साठीनंतर कंबरेत एखादी फुगलेली चकती सापडतेच. ती सापडली की सगळ्यांना कारण मिळाल्यासारखं वाटतं आणि शोध तिथेच थांबतो. या आजारात सर्वांत जास्त वेळ तिथे जातो असं माझं निरीक्षण आहे.

चुंबककक्ष
मंगळवार, सकाळी ६.३०

एमआरआय टेक्निशियन आहे. रात्रपाळी संपवून लिहितेय. या रुग्णांचा स्कॅन अर्धवट राहण्याचं पहिलं कारण म्हणजे त्यांना सरळ पाठीवर झोपवत नाही. ज्या स्थितीत दुखणं सर्वांत वाढतं त्याच स्थितीत आम्ही त्यांना अर्धा तास निश्चल पडायला सांगतो. म्हणून नातेवाइकांनी आणि वॉर्डातल्या सिस्टरांनी यंत्राच्या वेळेआधी दुखण्याचं चांगलं औषध दिलं जाईल हे बघावं. यंत्रावर आल्यावर औषधाला धावाधाव केली की वेळ जातो आणि रुग्ण हलतो.

गुडघ्यांखाली उशी दिली तर कंबरेवरचा ताण कमी होतो. कानात बोळे घालतो, हातात रबरी फुगा देतो. तो दाबला की आम्ही लगेच थांबतो, हे रुग्णाला आधी नीट सांगितलं की निम्मी भीती जाते. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन रज्जूवरचा दाब बघायला लागत नाही. त्यामुळे 'क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आल्यावर पाठवा' म्हणून रुग्णाला थांबवायचं काही कारण नाही. आणि रुग्ण खूप अस्वस्थ असेल तर आम्ही आधी पूर्ण मणक्याचे उभे काप घेतो. तेवढ्यावरही मोठा निर्णय होऊ शकतो. जिथे दाब दिसतो तिथले आडवे काप नंतर.

धातूबद्दल: आधी मणक्यात स्क्रू बसवलेले असतील तरी स्कॅन होतो. टायटॅनियमने चित्र कमी बिघडतं, स्टीलने जास्त. आमच्याकडे ते कमी करायच्या सेटिंग असतात, फक्त आधी सांगा.

अबोली
मंगळवार, सकाळी ७.१५

चुंबककक्ष, क्रिएटिनिनचं माहीतच नव्हतं. आणि पेसमेकर असेल तर? माझ्या सासऱ्यांना आहे.

चुंबककक्ष
मंगळवार, सकाळी ७.४०

पेसमेकरचं कार्ड कायम पाकिटात ठेवा. अलीकडचे बरेच पेसमेकर ठराविक अटींवर एमआरआयला चालतात. हृदयाचे डॉक्टर किंवा त्यांचा तंत्रज्ञ येऊन त्याची सेटिंग बदलतो, स्कॅननंतर परत करतो. कार्डावरून मॉडेल कळलं की हे लवकर ठरतं. एमआरआय शक्यच नसेल तर सीटी, आणि गरज पडली तर कंबरेतून पाण्यात औषध सोडून सीटी मायलोग्राम. पर्याय आहे, पण एमआरआयच्या खालचा.

प्रथमवर्ष_निवासी
मंगळवार, दुपारी १२.२०

सर, मी रेडिओलॉजीला नुकताच लागलोय. रात्री एकटा असताना अशी फिल्म समोर आली तर कुठल्या क्रमाने बघावी? आणि क्षय किंवा ठिसूळ हाडाचं फ्रॅक्चर यातून वेगळं कसं काढायचं?

क्षकिरण
मंगळवार, सायंकाळी ५.१०

चांगला प्रश्न, जरा लांबण लागेल.

सुरुवात टी-वन उभ्या कापांपासून कर (टी-वन, टी-टू, स्टर हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार). मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या मज्जेत चरबी असते, म्हणून निरोगी मणका टी-वनवर शेजारच्या चकतीपेक्षा उजळ दिसतो. कॅन्सर ती चरबी हटवून जागा घेतो, आणि तेवढा भाग काळवंडतो. मणका चकतीपेक्षा काळा दिसला की थांब. नंतर स्टर बघ. त्यात चरबी दाबून टाकलेली असते, त्यामुळे पाणी आणि गाठ चमकतात. पिचलेले, सुजलेले मणके तिथे पटकन नजरेत भरतात. प्रोस्टेटच्या दगडासारख्या घट्ट गाठी मात्र टी-वन आणि टी-टू दोन्हीवर काळ्याच राहतात आणि स्टरवर फसवू शकतात, म्हणून टी-वन कधी सोडू नकोस.

मग टी-टूवर रज्जू. त्याच्याभोवती पाण्याची पांढरी किनार असते. ती कुठे तुटते? रज्जूच्या आत पांढरेपणा आलाय का? तो असेल तर सूज किंवा त्याहून पुढचं नुकसान. त्या पातळीचे आडवे काप घे आणि बिल्स्की श्रेणी लिही. मार्क बिल्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ती मांडली. गाठ हाडातच असेल तर ०. आवरणाबाहेरच्या पोकळीत शिरली पण पिशवी (रज्जू आणि पाणी धरून ठेवणारं आवरण) दबलेली नाही, तर १ए. पिशवी दबली पण रज्जूला टेकलेली नाही, १बी. रज्जूला टेकली पण दाब नाही, १सी. रज्जू दबलाय पण भोवती पाणी दिसतंय, २. पाणीही दिसेनासं झालं, ३. २ आणि ३ म्हणजे फोन उचलायचा. रिपोर्ट टाइप करून पाठवायची वाट बघायची नाही. वॉर्डातल्या डॉक्टरला स्वतः सांगायचं आणि कुणाला, किती वाजता सांगितलं ते रिपोर्टमध्ये लिहायचं.

मणके मोजताना दुसऱ्या मानेच्या मणक्यापासून खाली मोज. कंबर आणि त्रिकास्थीच्या सांध्यावर अनेकांत एखादा मणका अर्धवट जुळलेला असतो, आणि खालून वर मोजलं तर एक मणका चुकतो. सर्जनने चुकीच्या पातळीवर हात घालायला तेवढं पुरतं.

आता वेगळं काढणं. कॅन्सर चकतीला सहसा शिवत नाही. शेजारचे दोन मणके आणि मधली चकती तिन्ही बिघडलेले असतील तर जंतुसंसर्गाचा विचार आधी. क्षय मात्र इथे चकवतो. तो बराच काळ चकती राखून ठेवू शकतो, अस्थिबंधाखालून दूरच्या मणक्यांपर्यंत सरकतो, आणि शेजारी पातळ, गुळगुळीत भिंतीचे मोठे पुवाचे कप्पे करतो. शंका असेल तर कॉन्ट्रास्ट दे, आणि शेवटी सुई टोचून तुकडा तपासावाच लागतो. कॅन्सर झालेल्या माणसाला क्षयही होतो, हे विसरू नकोस.

ठिसूळ हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये मणक्याच्या काही भागात तरी उजळ चरबी शिल्लक राहते, मागच्या कडेचा एखादा कोपरा नळीत आलेला असतो, कधी पिचलेल्या फटीत पाणी दिसतं. कॅन्सरमध्ये पूर्ण मणका काळा, मागची कड फुगीर, पेडिकलही (मणक्याचा पुढचा-मागचा भाग जोडणारा हाडाचा दांडा) बिघडलेला, आणि नळीत किंवा बाजूला मऊ गाठ. लिम्फोमा आणखी वेगळा: हाड फारसं न मोडता बाजूची गाठ नसेच्या छिद्रातून सरपटत आत येते.

जिथे सगळेच मणके एकसारखे काळे दिसतात तिथे घाई करू नकोस. रक्त कमी असेल किंवा पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं चालू असतील तर लाल मज्जा वाढते आणि सगळा कणा काळपट दिसतो. पण ती सहसा चकतीहून काळी होत नाही. उलट मायलोमा मज्जेत भरलेला असूनही फिल्म स्वच्छ दिसू शकते.

प्रथमवर्ष_निवासी
मंगळवार, सायंकाळी ५.४५

खूप आभार सर. वहीत उतरवून घेतलं.

मृद्गंध
बुधवार, सकाळी १०.३०

काल पहाटे मावशीचा पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. डी-५ (छातीमागच्या पाचव्या) मणक्यात गाठ आहे, रज्जू दबलाय, रिपोर्टमध्ये बिल्स्की २ लिहिलंय. डी-९ मध्येही एक लहान गाठ आहे, तिचा दाब नाही. लगेच डेक्सामेथासोन सुरू केलं. पाय अजून हलतायत, आधाराने उभी राहते. आता सर्जन आणि रेडिओथेरपीचे डॉक्टर दोघे येऊन गेले. ऑपरेशन की शेक यावर चर्चा चाललीय. घरातले गोंधळलेत. काय विचारावं त्यांना?

शेकविभाग
बुधवार, सकाळी ११.५०

मृद्गंधताई, मी रेडिओथेरपीत काम करतो. मावशींचा निर्णय त्यांना तपासणाऱ्यांनीच घ्यायचा, पण तो कशावर ठरतो ते सांगतो.

डेक्सामेथासोन सूज उतरवतं. रोज १६ मिलिग्रॅम हा सर्वसाधारण डोस, आणि तो हळूहळू कमी करतात. साखर वाढते, ती तपासत राहा. कॅन्सरचं निदानच झालेलं नसेल आणि लिम्फोमाची शक्यता असेल, तर हेच औषध तुकड्याचा तपास बिघडवू शकतं. मावशींचं तसं नाही.

ऑपरेशनच्या बाजूचा मोठा पुरावा रॉय पॅचेल यांच्या २००५ मधल्या अभ्यासाचा. १०१ रुग्ण होते. ऑपरेशन करून मग शेक दिलेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, नुसत्या शेकवर ५७ टक्के. पण त्यात निवडक रुग्ण होते: दाब एकाच जागी, पाय पूर्ण जाऊन ४८ तासांहून जास्त झालेले नाहीत, आयुष्य तीन महिन्यांहून जास्त अपेक्षित, आणि लिम्फोमा किंवा मायलोमासारखे शेकानेच विरघळणारे कॅन्सर वगळलेले. मावशींची डी-९ ची गाठ दाब देत नसल्याने दाब एकाच जागी आहे, हे सर्जन लक्षात घेतील.

दुसरा प्रश्न मणक्याच्या भक्कमपणाचा. त्यासाठी सिन्स नावाचं गुणांकन आहे, ० ते १८. ६ पर्यंत भक्कम, ७ ते १२ मधलं, १३ पासून पुढे डळमळीत. गाठ कुठे आहे, हालचालीने दुखतं का, हाड पोखरलंय की घट्ट झालंय, कणा वाकलाय का, मणका किती बसलाय, मागची बाजू बिघडलीय का, यावरून गुण देतात. डळमळीत मणका शेकाने जुळत नाही, त्याला आधार लागतो.

ऑपरेशन झेपणार नसेल तर नुसता शेक, आणि तोही कमी लेखू नका. २०१९ मधल्या स्कोरॅड अभ्यासात एकाच बैठकीत ८ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) दिलेल्यांपैकी ६९.३ टक्के आणि पाच बैठकांत २० ग्रे दिलेल्यांपैकी ७२.७ टक्के लोक आठ आठवड्यांनी चालत होते. दोन्ही सारखेच म्हणायचा संख्याशास्त्रीय निकष थोडक्यात हुकला, पण थकलेल्या माणसाला एका दिवसात उपचार संपणं फार मोलाचं असतं.

म्हणून विचारा: सिन्स किती? बाकी शरीरात आजार किती पसरलाय? भूल झेपेल का? आणि ऑपरेशन ठरलं तर त्यानंतर शेक कधी सुरू होणार? मावशी आज उभ्या राहू शकतात, ही त्यांच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट आहे. उपचार सुरू होताना जो चालतो, तो पुढेही चालण्याची शक्यता सर्वांत जास्त.

हालचाल
बुधवार, दुपारी १.१०

फिजिओथेरपिस्ट आहे. सर्जन मणका भक्कम आहे असं लिहून देईपर्यंत मावशींना एकट्याने उचलू नका, काखेत हात घालून ओढू नका. कूस बदलताना डोकं, खांदे, कंबर एकाच वेळी, दोघा-तिघांनी मिळून. टाचा गादीवर दाबून राहू देऊ नका, बधिर कातडीला फोड लवकर येतात. परवानगी मिळाली की मात्र त्याच दिवशी बसवायला सुरुवात करायची.

मृद्गंध
शुक्रवार, रात्री ८.००

काल ऑपरेशन झालं. पायांत ताकद आहे, आज धरून बसवलं. जखम भरल्यावर शेक. सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारते: हे परत होऊ शकतं का? आणि घरी गेल्यावर ठराविक काळाने एमआरआय करत राहायचा का?

क्षकिरण
शुक्रवार, रात्री ८.४०

मृद्गंध, बातमी वाचून फार बरं वाटलं.

होऊ शकतं, त्याच जागी किंवा दुसऱ्या मणक्यात. पुढचे एमआरआय किती अंतराने करायचे ते कॅन्सरच्या डॉक्टरांकडून डिस्चार्जच्या आधी लिहून घ्या. डी-९ च्या गाठीचा उल्लेख त्या कागदावर आहे ना, तेही बघा. शेकात ती जागा धरणार आहेत का ते शेकविभागासारख्या तज्ज्ञांना विचारा.

शेक मिळालेले मणके काही आठवड्यांनी टी-वनवर जास्तच उजळ दिसू लागतात, कारण मज्जेची जागा चरबी घेते. रिपोर्टमध्ये 'फॅटी' शब्द दिसला तर घाबरू नका. आणि ठरलेल्या तारखेच्या आधी नवीन जागी दुखू लागलं, पुन्हा रात्री उठून बसावं लागलं, पाय जड वाटले किंवा लघवीला जोर लावावा लागला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय. जाताना आत्ताच्या स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. जुनी चित्रं शेजारी ठेवली की नवीन काय आहे ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. मणक्यात आता स्क्रू आहेत, ते कुठल्या धातूचे हे ऑपरेशनच्या कागदावर असतं. त्या कागदाची प्रत सीडीच्या पाकिटातच ठेवा.